उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनीं उकिरड्याचेहि पांग फिटतात, असें आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे. ही म्हण ज्यानें काढली त्यास उकिरडा चांगला ठाऊक होता, इतकें खचित. उकिरड्याचे पांग फिटतात ते तो उपसला जातो म्हणून. त्याचें खत होऊन तें शेतांत पडतें म्हणून. जो उकिरडा कधींच उपसला जावयाचा नाहीं, ज्यावर नुसती भर पडत राहावयाची, असा उकिरडा त्या म्हणकर्त्याच्या स्वप्नांतहि आला नसेल. तसले उकिरडे निर्माण करण्याचें श्रेय अलीकडच्या शंभर-दीडशें वर्षांस आहे. आणि कचरा उचलण्याचीं, दाबण्याचीं, जाळण्याचीं व पुन्हा उपयोगांत आणण्याचीं यंत्रें ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. आमच्या नगरपालिका व आतां ग्रामपंचायतीहि हीं यंत्रें विकत घेऊं लागल्या आहेत. यंत्र घेण्यापूर्वीं त्याचा इतिहास पाहण्याची चाल मात्र आपल्यांत नाहीं. तो इतिहास आम्ही येथें एका लहानशा गांवाच्या दृष्टीनें पाहणार आहों.

हें गांव म्हणजे महाड तालुक्यांतील बिरवाडी. रोह्याकडे याच नांवाचा एक किल्ला आहे, त्याच्याशीं याची गफलत करूं नये. आमची बिरवाडी सह्याद्रीच्या पायथ्याशीं, काळ नदीच्या कांठीं, वरंध घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. भाताचा मुलूख, पावसाळा असा कीं, चार महिने कौलांतून धूर निघतो तोहि ओला. अशा गांवांत पूर्वीं 'कचरा' या शब्दास फारसें काम नसे. घरांत केर असे, गोठ्यांत शेण असे, अंगणांत पाचोळा असे. आणि या तिन्ही वस्तूंची वाट ठरलेली असे. फाटक्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचें पोतेरें होई, आणि पोतेऱ्याचें जें कांहीं उरे तें उकिरड्यावर जाई. फाल्गुन-चैत्रांत शेतकरी राब भाजीत: शेण, झाडांचें कवळ, पाचोळा, गवत असे थरावर थर भाताच्या रोपाच्या जागेवर रचावयाचे, वरून मातीचा हात द्यावयाचा आणि पेटवावयाचें. राखेनें जमीन कसदार होई व तणाचें बीं मरे. या राबासाठीं झाडें खुडलीं जातात म्हणून जंगलखात्याची रयतेवर वक्रदृष्टि झाली, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारींमुळें १८८५ सालीं मुंबई सरकारास एक जंगल कमिशन नेमावें लागलें. राबाचे दोष नव्हते असें नाहीं; परंतु ज्या व्यवस्थेंत पाचोळ्यासाठीं सरकाराशीं भांडण होई, त्या व्यवस्थेंत पाचोळ्याची किंमत काय होती हें उघड आहे.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल कीं, तर मग पूर्वींचें सारें चांगलेंच होतें. तसें म्हणण्याची घाई करूं नये. जुन्या गांवांत वस्तु वायां जात नव्हती हें खरें. पण जी वस्तु कोणासच नको ती उचलण्यासाठीं गांवानें माणसें नेमून ठेविलीं होतीं, आणि नेमणूक जन्मानें होती. मेलेलें जनावर ओढून नेणें हें महारांच्या गांवकीच्या कामांपैकीं एक काम. त्याचा मोबदला बव्हंशीं त्याच जनावराच्या मांसांत व गांवाच्या उष्ट्यांत दिला जाई. म्हणजे एका घराचा टाकाऊ भाग हें दुसऱ्या घराचें वेतन! पुनरुपयोगाची ही रीत इतकी पक्की होती कीं, तिच्यांत माणूसहि टाकाऊंतच जमा झाला होता.

बिरवाडीहून थोड्याच अंतरावरील महाडास या रीतीवर पहिला मोठा घाव पडला. १९२७ च्या मार्चच्या १९ व २० तारखांस तेथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळें ही परिषद सर्वांस ठाऊक आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिचा पहिला दिवस तितकाच महत्त्वाचा आहे. त्या दिवशींच्या भाषणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचें मांस व शिळेंपाकें उष्टें सोडण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं लोकांनीं तळ्याचें पाणी घेतलें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच ठराव करून तें तळें सर्वांस खुलें केलें होतें. परंतु ठराव कागदावर होता. पाणी घेतलें गेल्यावर तळें बाटलें असें ठरलें, आणि १०८ घागरी पाणी उपसून व त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दहीं घालून मंत्रोच्चारांत शुद्धि करण्यांत आली. पुढें ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि प्रकरण कोर्टांत जाऊन १९३७ च्या मार्चमध्यें मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. नगरांतील घाण काढण्याचें काम कायद्यानें जिच्याकडे सोंपविलें होतें, त्या नगरपालिकेनें स्वच्छता कशांत पाहिली, हें या प्रसंगावरून समजतें. घाण वस्तूंत नसून वस्तु उचलणाऱ्यांत आहे, ही समजूत एकदां दृढ झाली म्हणजे कोणतेंहि यंत्र तिच्यापुढें पंगु होतें.

आतां या नगरपालिका आल्या कोठून तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८५० च्या कायद्यानें गांवोगांवच्या लोकांनीं मागितल्यास नगरपालिका स्थापण्याची सोय झाली, व आमच्याच जिल्ह्यांतील पनवेलीस १८५२ सालीं ती स्थापन झाली. महाडची नगरपालिका १८६६ ची. दिवाबत्ती, रस्ते आणि झाडलोट हीं या संस्थांचीं मूळ कामें. आणि झाडलोटीचीं साधनें म्हणजे खराटा, फावडें, टोपली व बैलगाडी. ही यादी पुढें जवळजवळ शंभर वर्षें बदलली नाहीं. बदल झाला तो मुंबईस.

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानींत, म्हणजे १८६५ ते १८७१ या काळांत, शहराच्या सफाईस काहींसें वळण लागलें. बेटांमधील सखल भाग शहरच्याच केरकचऱ्यानें भरून काढण्याची रीत त्या शतकांत चालू होती. आज ज्या जमिनीचा हातभर तुकडा लाखांस मिळत नाहीं, तिच्या पोटांत पणजोबांच्या घरचा केर आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें! १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत 'हलालखोर कर' या नांवाचा करच होता. पैसे शहर देई, हात हलालखोराचा. या हातांनीं काम थांबवलें तर काय होईल ही धास्ती सरकारास इतकी होती कीं, १८९० मध्यें म्युनिसिपल नोकरांसाठीं निराळा कायदा करून पूर्वसूचनेवांचून काम सोडणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. वाफेचें इंजिन बिघडलें तर दुरुस्त करितात; माणसाचें इंजिन थांबलें तर त्याला शिक्षा देतात, असा हा न्याय.

१८९६ सालीं प्लेग आला आणि शहरांतला उकिरडा शहराबाहेर नेण्याची निकड भासली. चेंबूर-देवनारची खाजणाची जमीन त्या कामीं आली, आणि कचरा वाहण्यास आगगाडी लागली. कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग १९०६ चा. त्यावरून कचऱ्याचे डबे जात, आणि माणसांना मात्र त्या मार्गानें प्रवास करण्याची मुभा १९२४ सालीं मिळाली. आधीं कचरा व मग उतारू, असा मान दुसऱ्या कोणत्या लोहमार्गानें कचऱ्यास दिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ही आगगाडी आपल्या प्रांतांतील नागरी कचऱ्याचें पहिलें मोठें यंत्र म्हणावयास हरकत नाहीं. तिनें काय केलें? कचरा दूर नेला. त्याचें रूप बदललें नाहीं, त्यांतला एक कण निवडला नाहीं. पुढें आगगाडीच्या जागीं मोटारी आल्या, देवनारचा डोंगर झाला, आणि २०१६ च्या जानेवारींत त्या डोंगरास लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला.

निवडण्याची कल्पना कोणास सुचलीच नव्हती असें नाहीं. १८८३ च्या नोव्हेंबरांत पॅरिसचा प्रीफेक्ट यूजेन पुबेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक घरमालकानें भाडेकरूंसाठीं झांकणाचे डबे ठेवावेत. आणि ते एक नव्हे, तीन. एक नासणाऱ्या वस्तूंचा, दुसरा कागद व चिंध्यांचा, तिसरा कांच, फुटकी भांडीं व कालवांच्या शिंपांचा. ओला व सुका कचरा निराळा ठेवा म्हणून आज आपल्या दारावर घंटागाडी जी हांक देते, ती ही दीडशें वर्षांमागची हांक आहे. पॅरिसच्या लोकांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. घरमालकांनीं खर्चाबद्दल ओरड केली. रात्रीं रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या-कागद वेंचून पोट भरणाऱ्या हजारों लोकांनीं आपली भाकर गेली म्हणून आकांत केला. शेवटीं निवडीचा भाग मागें पडला, डबा तेवढा राहिला, आणि फ्रेंच भाषेंत डब्यास त्या अधिकाऱ्याचेंच नांव पडलें. सुधारणेचें जें अंग पैसे देऊन विकत घेतां येतें तें टिकतें, आणि जें संवयीनें अंगीं बाणवावें लागतें तें गळून पडतें, याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

यानंतर दाबण्याचें यंत्र आलें. अमेरिकेंत १९३८ च्या सुमारास गारवुड कंपनीनें कचरा गाडींतच दाबून भरणारी मोटार बाजारांत आणली. मागच्या तोंडांत कचरा टाकावयाचा, तेलाच्या दाबानें चालणारी लोखंडी फळी तो आंत ढकलते व चेपते. त्यामुळें त्याच गाडींत दुप्पट माल मावतो आणि खेपा वांचतात. हेंच यंत्र सुधारत सुधारत 'कॉम्पॅक्टर' या नांवानें आपल्या नगरपालिकांच्या आवारांत येऊन उभें राहिलें. तें अमेरिकेंत उपयोगी ठरण्याचें कारण तेथल्या कचऱ्यांत आहे. खोकीं, कागद, डबे, बाटल्या असा तो पोकळ माल. घनमीटरभर कचरा तोलला तर शंभर ते दोनशें किलो. आपल्याकडचा कचरा निम्म्याहून अधिक ओला: भाजीचे देंठ, केळीचीं सालें, उरलेलें अन्न, आणि त्यांत रस्त्याची धूळ-माती. त्याचा घनमीटर चारशें-पांचशें किलोंचा भरतो. जें आधींच दाटलेलें आहे त्यास आणखी किती दाबणार? दाबल्यावर त्यांतून निघतें तें पाणी. आणि तें पाणी काळें, आंबलेलें व वासाचें. कोंकणांतील एका नगरांत (नांव घेण्याचें कारण नाहीं) असली नवी कोरी गाडी चढावरून जातांना तिच्या मागें रस्त्यावर उमटलेली ओली रेघ आम्हीं स्वतः पाहिली आहे. तिच्या मागून शाळेचीं मुलें नाक धरून चाललीं होतीं, आणि गाडीच्या अंगावर स्वच्छतेचें घोषवाक्य रंगविलेलें होतें.

याचा अर्थ दाबणें हेंच चुकीचें, असा नव्हे. तोच दाब सुक्या कचऱ्यावर देऊन पाहावा. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या म्हणजे निव्वळ हवा. त्या मालमोटारींत भरून कारखान्यास पाठविल्या तर भाडें हवेचें द्यावें लागतें. पण गठ्ठे बांधण्याच्या यंत्रांत घालून दाबल्या म्हणजे त्यांची जागा आठव्या-दहाव्या हिश्शावर येते, आणि जो माल फुकट नको होता त्यास गिऱ्हाईक मिळतें. पुठ्ठा, पत्र्याचे डबे, पिशव्या, सर्वांची हीच गोष्ट. म्हणजे यंत्र एकच, दाब एकच. आधीं निवड झालेली असेल तर त्यांतून माल निघतो, नसेल तर चिखल निघतो. यंत्राचा सारा गुणावगुण त्याच्या आंत नसून त्याच्या आधीं आहे.

ओल्या कचऱ्याची विद्याहि आपल्यास परकी नाहीं. होळकरांच्या इंदुरास १९२४ ते १९३१ या काळांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याची पद्धति बसविली. काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर, ठराविक वेळीं उलथापालथ, आणि तीन महिन्यांत तयार खत. ही पद्धति सांगणारा १९३१ चा ग्रंथ त्यांच्या एकट्याच्या नांवावर नसून त्यावर यशवंत वाड या सहकाऱ्याचेंहि नांव आहे. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. हॉवर्डांना सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून पाश्चात्य देश मानूं लागले. वाडांचें नांव मात्र आपण मराठी लोकांनींहि लक्षांत ठेवलें नाहीं.

आणि कोंकणांतच याहून मोठी एक गोष्ट घडली आहे. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां आप्पासाहेब पटवर्धन यांनीं भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्यास तें काम देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. त्यांनीं अन्न सोडलें. वार्ता येरवड्यास पोंचतांच त्याच डिसेंबरांत गांधीजींनींहि सहानुभूतीचा उपवास आरंभिला, तेव्हां हें प्रकरण सरकारास मनावर घ्यावें लागलें. पुढें १९४८ सालीं कणकवलीस आप्पासाहेबांनीं गोपुरी आश्रम स्थापिला. तेथें मैल्याचें सोनखत, मेलेल्या जनावराचें कातडें व हाडें यांचा उपयोग, आणि कोणास हातानें मैला उचलावा लागूं नये असा संडास, यांचे प्रयोग चालले. यंत्र कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर आप्पासाहेबांनीं आधीं आपल्या हातांनीं काम करून शोधलें आणि नंतर साधन घडविलें. आपल्या नगरपालिकांचा क्रम बहुधा याच्या उलट असतो: आधीं निविदा, मग साधन, आणि काम करणाऱ्यास विचारावयाचें राहूनच जातें.

विचारलें असतां काय होतें, याचें उदाहरण पुण्याचें. १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें तेथें कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली. वेंचणाऱ्यांत बहुसंख्य बाया, आणि त्याहि बहुतेक दलित समाजांतल्या. उकिरडे उपसून त्या जो माल काढीत तो कारखान्यांस हवा होता. त्या मात्र कोणास नको होत्या. पुढें त्यांच्या सहकारी संस्थेनें, 'स्वच्छ' या नांवानें, २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून दारोदारचा कचरा गोळा करण्याचें काम घेतलें. पॅरिसांत १८८३ सालीं जो झगडा डबा आणि वेंचणारा यांच्यांत लागला होता, तो येथें निराळ्या रीतीनें सुटला: वेंचणाराच डब्यापाशीं आला. हा करार टिकविण्यासाठीं त्या बायांस वारंवार झगडावें लागलें आहे, हेंहि विसरून चालणार नाहीं.

लहान गांवाच्या उपयोगी पडणारें उदाहरण मात्र वेंगुर्ल्याचें आहे. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळांत या नगरपरिषदेनें घराघरांत कचरा निराळा ठेवण्याची शिस्त लावली, आणि डेपोवर तो आणखी वीस-पंचवीस प्रकारांत निवडला जाऊं लागला. ओल्यापासून खत व जैववायु, प्लास्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यांत, बाकीचा माल विक्रीस. यंत्रें तेथेंहि आहेत, पण तीं निवडीच्या मागून आलीं. आणि ज्या कचरा डेपोकडे फिरकण्यास कोणी धजत नसे तो पाहण्यास परगांवचीं माणसें जाऊं लागलीं.

आतां बिरवाडीस परत येऊं. औद्योगिक वसाहत अंगणांत आल्यापासून हें गांव जुनें बिरवाडी राहिलें नाहीं. परगांवचे कामगार भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्यापाशीं गोठा नाहीं, परसूं नाहीं, मग उकिरडा कोठला? दुकानें वाढलीं, चहाच्या टपऱ्या वाढल्या, शिवथरघळीस जाणारे यात्रेकरू वाढले, आणि प्रत्येकाच्या हातांत एक पिशवी आली. राबांत आतां पाचोळ्याबरोबर पिशवीहि जळते. कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे कायदे निराळे आहेत, तो विषय येथें नको. पण घरगुती कचरा नदीच्या उतारावर पडला कीं पहिल्या पावसांत काळ नदींत आणि तेथून सावित्रींत जातो, हें समजावयास कायदा वाचावा लागत नाहीं. २०२१ च्या जुलैमध्यें महाडास जो पूर आला, त्यानंतर बाजारपेठेंतला चिखल, भिजलेलें धान्य, गाद्या, कपाटें, प्लास्टिक यांचे ढीग उपसण्यास मोठ्या शहरांतून पथकें व यंत्रें आणावीं लागलीं. तीं आलीं, त्यांनीं पेठ मोकळी केली, आणि तीं परत गेलीं. जें उचललें तें सरमिसळ होतें, आणि सरमिसळच कोठेंतरी पडलें. संकटकाळीं दुसरें करतां येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

बिरवाडीची अडचण अशी कीं, जनगणनेनें तिला नगरांत धरलें असलें तरी कारभार ग्रामपंचायतीचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं अशा गांवांसहि वर्गीकरणाचें बंधन घातलें. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० सालीं ठरला, तेव्हां ५,००० हून अधिक वस्तीच्या गांवास घनकचऱ्यासाठीं माणशीं ४५ रुपये, आणि त्याहून लहान गांवास ६० रुपये अशी मर्यादा घालण्यांत आली. प्लास्टिकच्या प्रक्रियेसाठीं तालुक्यास एक केंद्र, त्यास १६ लाखांपर्यंत. हिशेब करावा: पांच हजार माणसें धरलीं तर सव्वादोन लाख रुपये होतात. एका कॉम्पॅक्टर गाडीची किंमत याच्या कित्येक पट असते, आणि तिचें तेल व दुरुस्ती निराळी. म्हणजे सरकारनें न बोलतां एक गोष्ट सांगितलेलीच आहे: या पैशांत दाबण्याची गाडी येत नाहीं, खड्डे येतात, डबे येतात, हातगाडी येते आणि वर्षभर कोणाची तरी मजुरी येते. गठ्ठे बांधण्याचें व तुकडे करण्याचें यंत्र तालुक्यास एक पुरे. तेथें माल पोंचवावयाचा तो निवडलेला, म्हणजे भाडें हवेचें व चिखलाचें पडत नाहीं.

ही निवड कोण करणार, हा प्रश्न उरतो, आणि आमच्या मतें यंत्राच्या प्रश्नाहून तो कठीण आहे. घरोघरीं झाली नाहीं तर ती डेपोवर होईल, आणि डेपोवर जे हात ती करतील ते हात कोणाचे असतील हें महाडच्या आसपास राहणाऱ्यास सांगावयास नको. त्यांस हातमोजे, उभें राहून काम करण्याजोगें टेबल, पाण्याचा नळ आणि निवडलेल्या मालाच्या विक्रींत हिस्सा, या चार गोष्टी खरेदीच्या यादींत पहिल्या असाव्यात. त्यांच्या मागून वजनकांटा, आणि त्याच्या मागून यंत्र. या सर्वांच्याहि आधीं पक्कें छप्पर. कारण आमच्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत लागतो, भिजलेला पुठ्ठा कोणी घेत नाहीं, आणि निविदांचे कागद बहुधा मार्चअखेर निघतात.